सिनेमात बुडालेलं जहाज

एल्सफ्लेट, नोव्हेंबर १९२८

प्रिय फ्रेर्क,

गेल्या आठवड्यापासून मला गावात तोंड दाखवायची सोय उरलेली नाही. पाव आणायला गेलो तरी कुणीतरी हमखास थांबवतं आणि विचारतं, "काय कप्तान, 'आलेटा' बुडाली तेव्हा तुम्ही होतात कुठे?" आपली 'आलेटा' तिथेच धक्क्याला बांधलेली असते, तिन्ही डोलकाठ्या शाबूत. मी बोट दाखवतो, ते हसतात. दोरखंडवाल्या म्हाताऱ्या ब्योनिंगनं तर काल टोपी छातीशी धरून माझं रीतसर सांत्वन केलं. एवढ्या वर्षांत मी समुद्राला एक वल्हंसुद्धा दिलेलं नाही, हे तुला ठाऊक आहे. आणि आता अख्ख्या गावानं माझं जहाज बुडताना पाहिलंय, तेही तिकीट काढून.

तुला यातलं काहीच कळायचं नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो. मला पत्रं लिहिता येत नाहीत. हे घरातलं तुझ्या आईचं काम. कागद पुढे घेतला की माझा जीव चिडचिडा होतो आणि मग मी शाईला, टाकाला आणि दिव्याला शिव्या घालतो. तेव्हा हे पत्र नीट लागलं नाही तरी शेवटपर्यंत वाच. मधेच ठेवून देऊ नकोस.

गेल्या वर्षी वसंतात 'आलेटा'ला माल मिळेना. स्वीडनचं लाकूड सगळं आगबोटी उचलायला लागल्या. तू हे आधीच म्हणाला होतास, "बाबा, शिडांचे दिवस संपले," आणि म्हणूनच भांडून गेलास. कोण बरोबर आणि कोण चूक ते मी इथे उकरत नाही. जहाज रिकामं पडून होतं, एवढंच. अशात एक दिवस बर्लिनहून रोसकाम्प नावाचा माणूस आला. बारीक, चष्मेवाला, पायांत गावातल्या चिखलाला न शोभणारे पांढरे बूट. सिनेमाचा दिग्दर्शक. त्यानं धक्क्यावरून 'आलेटा'ला पुढून पाहिलं, मागून पाहिलं, दोन्ही हातांची चौकट करून तिच्यातून पाहिलं आणि मला म्हणाला, "कप्तानसाहेब, तुमच्या जहाजाचा चेहरा पापी आहे. मला हेच हवं."

मी त्याला तिथल्या तिथे नदीत ढकलणार होतो. तुझी आई मध्ये पडली. "आइलर्ट, तू गप्प बस," म्हणाली, "आणि तुम्ही हो, आत या, चहा घ्या." चहाबरोबर लोण्याचा केक निघाला तेव्हाच मी ओळखलं की आपण हरलो. जहाज उन्हाळाभर भाड्यानं गेलं आणि जहाजाबरोबर मीही.

गोष्ट काय, तर 'फ्लोरिंडा' नावाचं जहाज. त्याच्यावर एक श्रीमंत म्हातारा, त्याची तरुण पुतणी आणि काही उतारू. म्हाताऱ्याचा खून होतो. धुकं पडलेलं, किनारा लांब, खुनी जहाजावरच. सगळे एकमेकांकडे संशयानं बघतात. शेवटी कळतं की खुनी खुद्द कप्तान आहे! विम्यासाठी तो खलाशांना तळाच्या कोठारात कोंडतो आणि जहाज बुडवतो. मी ते ऐकून टेबलावर हात आपटला. म्हटलं, "कप्तान खुनी? मग स्वयंपाक्याला करा की खुनी! मी पाहिलेत तसे स्वयंपाकी." रोसकाम्प अगदी शांतपणे म्हणाला, "अहो, स्वयंपाक्यानं खून केला तर लोक म्हणतात, असेल. कप्तानानं केला तर लोक खुर्ची घट्ट धरतात." तुझी आई खो खो हसली. मला आजही त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

मग माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी 'आलेटा'चं नाव रंगवून पुसलं आणि 'फ्लोरिंडा' लिहिलं. सुकाणूचं चाक काढून उजवीकडे बसवलं, कारण ऊन तिकडून येत होतं. एकदा तर रोसकाम्प मला म्हणाला, "कप्तान, समुद्र जरा डावीकडे घेता येईल का?" त्याला म्हणायचं होतं जहाज वळवा, पण बोलला हेच. खुनी कप्तानाचं काम करणारा हालरश्टेट हा त्यांचा मोठा नट. त्याच्या नुसत्या भुवया पाहून बर्लिनच्या बायका किंचाळतात म्हणे. नदीचं तोंड ओलांडून आम्ही खुल्या समुद्रात शिरलो आणि त्याच्या भुवयांसकट तो कठड्यावर ओणवा झाला. बिचारा दिवसभर ओकायचा, पण हाक आली की तोंड पुसून उभा राहायचा आणि असा बघायचा की माझ्याही अंगावर काटा यायचा. त्याला मी नावं ठेवणार नाही. फक्त लाटा उंच झाल्या की त्याला उभं राहवेना. मग त्याचा काळा कोट आणि टोपी मला घातली. सिनेमात लांबून दिसणारा खुनी म्हणजे मी. गावातली पोरं आता मला बघितलं की पळतात.

पण माझी खरी शोभा झाली ती वादळावरून. रोसकाम्पला खरं वादळ हवं होतं. मी छातीठोक सांगितलं, "परवा वारा येतो, बघाच." परवा समुद्र ताटातल्या दुधासारखा. मी म्हटलं, "अमावास्येला नक्की, माझा गुडघा ठणकतोय." अमावास्येला पिसं उडेनात. सगळा उन्हाळा असा गेला, फ्रेर्क! मी आभाळाकडे बघून काही बोललो की हटकून उलटं व्हायचं. सकाळी डेकवर आलो की तो कॅमेरावाला सगळ्यांसमोर विचारायचा, "काय कप्तान, तुमचा गुडघा आज काय म्हणतोय?" आणि ती सगळी बर्लिनची टोळी दात काढायची. शेवटी त्यांनी आग विझवायचा पंप आणला, विमानाचा पंखा आणला आणि माझ्या स्वच्छ डेकवर खोटं वादळ सुरू केलं. माझं काम काय, तर काळा कोट घालून पंख्यापुढे उभं राहायचं. इतका अपमान माझा केप हॉर्नच्या वादळांनीसुद्धा कधी केला नव्हता.

आणि पंप परत पाठवला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, मी काहीही न बोलता, वायव्येकडून वारा सुटला. असा की शिडं आवरताना माझ्या हाताची सालटी गेली. रोसकाम्प आनंदानं नाचायला लागला. कॅमेरावाल्यानं स्वतःला मधल्या डोलकाठीला बांधून घेतलं आणि हातानं ते यंत्र फिरवत राहिला. त्या दिवशी मी त्या दोघांना मनातल्या मनात सलाम केला, हे खरं. पण एक लाट आली आणि फिल्मचे डबे ठेवलेली पेटीच भिजली. झालं. खरं वादळ पाण्यात गेलं आणि सिनेमात राहिला तो पंखा. सिनेमात जी 'आलेटा' बुडते ती माझ्या कमरेएवढी आहे. बर्लिनला एका हौदात सोडलेली. दोन माणसं लाकडी फळ्यांनी पाणी ढवळतात. सुतारकाम वाईट नाही, पण पुढचं शीड चुकीचं लावलंय. हे मी ज्याला त्याला सांगतो, आणि ज्याला त्याला वाटतं म्हातारा अब्रू वाचवतोय.

तुझ्या आईला मात्र त्या उन्हाळ्यासारखा उन्हाळा कधी आला नसेल. ती सगळ्यांना जेवू घालायची. धुरी दिलेली वाम, बटाट्याचं दाट सूप, आणि हालरश्टेटच्या पोटासाठी वेगळी भाताची पेज. पुतणीचं काम करणारी मुलगी, कुमारी फेरेना, स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून तिच्याकडून विणकाम शिकायची. मी संध्याकाळी फणफणत घरी यायचो, तर ह्या दोघी टाके मोजत बसलेल्या. मी म्हणायचो, "मेट्टा, या लोकांनी आपल्या जहाजाचा तमाशा केलाय." ती म्हणायची, "करू दे. तमाशा बघायला निदान माणसं येतात. एरवी कोण येतं आपल्याकडे?" तिच्या बोलण्यात तुझं नाव नव्हतं, तरी मला ते ऐकू यायचं.

तेव्हाच तिला खोकला होता. मी म्हणायचो घरात बस, ती म्हणायची, "उन्हाळ्यात कुणाला काय होतं?" पुढचं पाद्रीबाबांनी तुला फेब्रुवारीत कळवलंच आहे. मी लिहिलं नाही. फुप्फुसं भरली होती, डॉक्टर रोज येत होते आणि रोज तेच सांगत होते, नवं काही करत नव्हते. मला अजून त्यांच्याशी धड बोलता येत नाही. ज्याला काही करता येत नाही त्यानं निदान खुर्चीत बसून घड्याळ तरी बघू नये. पण ते जाऊ दे. त्याबद्दल लिहायला लागलो तर हा कागदही फाडला जाईल.

नंतर घर आवरताना माझ्या लक्षात आलं की तिचा एकही फोटो नाही. लग्नातला आहे, पण त्यात ती कोण आणि मी कोण हे आता मलाही ओळखू येत नाही. इतक्या वर्षांत आपल्यापैकी कुणाला हे सुचलं नाही. मग मला सिनेमा आठवला. जहाज बंदरातून सुटतं त्या प्रसंगात गावातली माणसं धक्क्यावर उभी केली होती, त्यात तीही होती. म्हटलं, त्या फिल्मवर ती असणार. एवढंसं चित्र कापून दिलं तर कुणाचं काय जातं?

म्हणून एप्रिलात बर्लिनला गेलो. आयुष्यात पहिल्यांदाच आणि शेवटचंच. कंपनीच्या इमारतीत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पाठवलं, दुसरीतून तिसरीत. एका केस चापून बसवलेल्या तरुणानं विचारलं, "नटी कोण?" मी म्हटलं, "नटी नाही, माझी बायको." तो म्हणाला, "आजोबा, गर्दीतल्या माणसांचे फोटो आम्ही काढत नाही." मी म्हटलं, "काढा म्हणत नाहीये, काढलेला आहे, तो द्या." तो म्हणाला, फिल्म कापायच्या खोलीत आहे, तिथे बाहेरच्यांना मनाई. मी तिथेच बसून राहिलो. दुपारी रखवालदारानं दंडाला धरून बाहेर काढलं. मला, फ्रेर्क! मी खलाशांना हुकूम सोडायचो तेव्हा हा माणूस जन्मलाही नसेल.

फाटकापाशी रोसकाम्प भेटला. तेच पांढरे बूट, पण आता मळलेले. मी त्याच्यावर सगळा राग काढला. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कप्तान, मलाही आत सोडत नाहीत." त्याचा सिनेमा कंपनीनं त्याच्याकडून काढून घेतला होता. फार लांब झाला, फार काळोखा झाला, असं म्हणून दुसरा माणूस तो कापत होता. धुक्यातला सगळा भाग गेला. कोंडलेले खलाशी दारावर मुठी आपटतात तो भाग सिनेमे तपासणाऱ्या सरकारी मंडळानं काढायला लावला. "आता काय शिल्लक आहे ते मीही तिकीट काढूनच बघणार," म्हणाला. आम्ही समोरच्या गुत्त्यात बसून बिअर प्यालो. मी त्याला तुझ्या आईचं सांगितलं. त्यानं चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसला. "धक्क्याचा तुकडा ठेवा म्हणून मी त्यांच्या हातापाया पडतो," म्हणाला, "पण माझं आता कोण ऐकतंय?"

त्यानंतर सहा महिने मला काही कळलं नाही. कंपनीला पत्रं टाकली, पाद्रीबाबांकडून लिहून घेतली. उत्तर नाही. आणि गेल्या आठवड्यात इथल्या खाणावळीच्या दिवाणखान्यात पडदा लागला. रविवारी दुपारी मी पहिल्या बाकावर जाऊन बसलो. बाजाची पेटी वाजवायला शाळामास्तरांची बहीण. ती खुनाच्या प्रसंगाला लग्नातली धून वाजवत होती. मागून ब्योनिंग ओरडत होता, "अरे, ती बघा माझी गाय!" धक्क्याचा प्रसंग आला. आला आणि गेला. तू एक घोट चहा घेशील तेवढ्यात. मी उठून उभा राहिलो तर मागून सगळे, "कप्तान, खाली बसा! काचेचे आहात का तुम्ही, आरपार दिसायला?" मी यंत्रवाल्याला जाऊन म्हटलं, परत दाखव. तो म्हणाला, "काका, ही काय बैलगाडी आहे मागे घ्यायला?" मग मी रोज गेलो. रोज तो खून, रोज ते हौदातलं बुडणं, सगळं सोसलं, त्या एका घोटासाठी. शनिवारी डबे पुढच्या गावाला गेले. आता माझ्याकडे काही नाही.

आता हे पत्र का लिहितोय ते सांगतो. त्या दिवशी धक्क्यावर रोसकाम्पनं कर्णा घेऊन सगळ्यांना बजावलं होतं, "जहाजाकडे बघा, जहाजाला हात हलवा, यंत्राकडे कुणीही बघायचं नाही!" सगळ्यांनी तसं केलं. तुझी आई सोडून. ती दिव्याच्या खांबाशी उभी होती, करड्या शालीत, आणि सरळ यंत्राकडे बघून हात हलवत होती. रोसकाम्प ओरडला, "अहो बाई, जहाज तिकडे आहे!" पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. मी जहाजावरून बघत होतो आणि शरमेनं लाल झालो होतो. वाटलं, ही आता मला गावात हसं करणार. तिसऱ्यांदा तो तिच्यापाशी गेला तेव्हा ती म्हणाली, "जहाज मी जन्मभर बघतेय हो. तुम्हीच म्हणालात ना, ही फिल्म जगभर जाते म्हणून? माझा मुलगा तिकडे चिलीत, वाल्पराइसोला आहे. मी त्याला हात करतेय." रोसकाम्पनं मागे वळून कॅमेरावाल्याला खूण केली, चालू दे. घरी आल्यावर मी तिच्यावर ओरडलो, म्हटलं, पत्र लिही की त्याला, लिहितेसच ना. ती म्हणाली, "पत्रात हात हलवता येतो का, आइलर्ट?" काल रोसकाम्पचं कार्ड आलं. सिनेमाची एक प्रत हॅम्बर्गहून बोटीनं निघाली आहे, नाताळानंतर वाल्पराइसोला लागेल. तिकडे नाव काय देतील ते त्यालाही माहीत नाही, पण पडद्यावरच्या पाट्या स्पॅनिशमध्ये असल्या तरी 'आलेटा' तू ओळखशीलच. वेळेवर जा, प्रसंग सुरुवातीलाच आहे. पुढे बस. जहाजाकडे बघू नकोस, माझ्याकडेही नको, तो लांबचा काळा कोट मी आहे, त्यात बघण्यासारखं काही नाही. डाव्या बाजूला दिव्याचा खांब आहे, तिथे बघ. ती थेट तुझ्याकडेच बघतेय. फार वेळ नाही, तेव्हा डोळे पुसत बसू नकोस, ते नंतर. आणि तुलाही हात हलवावासा वाटला तर खुशाल हलव, अंधारात कोण बघतंय.

तुझाच, पत्रं न लिहिणारा,
बाबा